टिळकांच्या फलकावर काय लिहायचं? एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, तिथलं जुनं सार्वजनिक वाचनालय. नाव देत नाही, कारण यातली सगळी मंडळी अजून त्याच टेबलावर बसून पेपर वाचतात आणि ते तसंच चालू राहावं. वर्धापनदिनाला वाचनालयाच्या हॉलमध्ये कायमस्वरूपी बारा फलक लावायचे ठरले, महाराष्ट्र घडवणाऱ्या बारा जणांचे. फुले, ताराबाई शिंदे, रानडे, पंडिता रमाबाई, टिळक, आगरकर, गोखले, कर्वे, शाहू महाराज, विठ्ठल रामजी शिंदे, भाऊराव पाटील आणि बाबासाहेब. यादी ठरवतानाच थोडी ओढाताण झाली होती पण ती नेहमीची, कोणाला घेतलं कोणाला वगळलं वगैरे, ती मिटली.

प्रत्येक फलकाचा साचा एकच. वर फोटो, नाव, जन्म-मृत्यूची सालं, त्याखाली ठळक टायपात दोन ओळींची ओळख आणि मग शंभर-एक शब्दांचा मजकूर. मजकूर लिहायला चार जणांची उपसमिती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, गावात सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम. बँकेत नोकरी करणारे आणि आंबेडकर जयंतीचं सगळं नियोजन बघणारे दादा. आणि टायपिंग, जुळवाजुळव, फ्लेक्सवाल्याशी बोलणं हे सगळं माझ्याकडे. फलकांचा बराचसा खर्च नाना म्हणून एक निवृत्त इंजिनियर आहेत त्यांनी उचलला होता, ते समितीत नव्हते पण ड्राफ्ट त्यांना दाखवायचा हे न बोलता ठरलेलं होतं.

अकरा फलकांचा मजकूर फार खळखळ न होता झाला. फुल्यांच्या खाली "सत्यशोधक समाजाचे संस्थापक", आगरकरांच्या खाली "बुद्धिवादी समाजसुधारक", पुढचं ज्याचं त्याचं. टिळकांच्या ओळखीच्या दोन ओळींवर मात्र गाडी अडली आणि चांगलीच अडली.

अडचण कुठे आली

पहिला ड्राफ्ट सरांनी लिहिला होता. "थोर देशभक्त, भारतीय असंतोषाचे जनक, तेल्यातांबोळ्यांचे पुढारी." शाळेच्या भिंतीवर असतं तसं. त्यावर दादांनी शांतपणे एकच विचारलं, की सर, अथणीचं भाषण कुठल्या ओळीत बसवणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९१७ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या सभेत टिळकांनी ब्राह्मणेतर जातींच्या कौन्सिलातल्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळातल्या, स्वतंत्र जागांच्या मागणीची टिंगल केली होती. नेमके शब्द काय होते यावर आजही वाद घालणारे आहेत पण रोख काय होता यावर फारसा नाही. तर ज्या माणसाला आपण तेल्यातांबोळ्यांचा पुढारी म्हणतो त्याच माणसाने तेल्यातांबोळ्यांना कौन्सिलात काय करायचंय असा सूर लावला होता, आणि हे दोन्ही एकाच फलकावर कसं आणायचं हा दादांचा प्रश्न होता.

दादांचा स्वतःचा पर्याय तयार होता, "जहाल राष्ट्रवादी पण सामाजिकदृष्ट्या प्रतिगामी". सर म्हणाले, "अहो, आपण लोकांना आदर वाटावा म्हणून फलक लावतोय, आरोपपत्र कशाला?" दादा म्हणाले, "सर, मग बाबासाहेबांच्या फलकावर त्यांना कोणी विरोध केला तेही लिहू नका." मॅडम म्हणाल्या तुम्ही दोघंही विशेषणांवर भांडताय, पुरावे काय आहेत ते आधी टेबलावर ठेवा. ही मीटिंग तिथंच संपली. नानांच्या कानावर गेलं आणि रात्री त्यांचा फोन आला, की टिळकांच्या नावापुढे प्रतिगामी शब्द आला तर माझं नाव देणगीदारांच्या यादीतून काढा.

आता वरवर बघितलं तर हे आपल्याकडचं नेहमीचं भांडण आहे, दोन्हीकडे कोण बसणार ते आडनावावरून सांगता येईल असं. पण खरी अडचण वेगळी होती आणि ती लक्षात यायला वेळ लागला. दोन्ही बाजूंची माहिती जवळपास सारखीच होती. कोणी कोणाचा पुरावा खोटा ठरवत नव्हतं. प्रश्न होता की चाळीस वर्षांच्या सार्वजनिक आयुष्याला एक नाव द्यायचं तर कुठल्या टिळकांना द्यायचं, १८९१ च्या, १९०८ च्या की १९१८ च्या?

पुराव्यांची फाईल

मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे एक फाईल केली. प्रत्येकाने आपल्या बाजूचे पुरावे आणायचे नाहीत, समोरच्याच्या बाजूचे आणायचे अशी अट त्यांनीच घातली. कॉलेजात मुलांना वादविवाद शिकवताना वापरतात म्हणे. सर कुरकुरले पण तयार झाले, आणि या एका अटीने वातावरण बरंच निवळलं.

सरांनी जे आणलं ते असं. १८८४ ला पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, त्यानंतरच्या काही वर्षांत टिळकांच्या पत्रांनी तिथल्या इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमावर सातत्याने टीका केली. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यात टिळक नवऱ्याच्या बाजूने. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला कडाडून विरोध. हा कायदा काय होता तर मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढंच, आणि त्याच्या आधी बंगालमध्ये फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. १८९५ ला पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा सुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू द्यायची नाही या आंदोलनाची ताकद टिळकांच्या गोटातली. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे शाहू महाराजांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मण पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, १९०१ मध्ये केसरीतून महाराजांच्या विरुद्ध भूमिका. सर हे वाचून दाखवत होते तेव्हा मध्येच थांबले आणि म्हणाले की हे सगळं एकत्र एका कागदावर मी कधी बघितलंच नव्हतं.

दादांनी आणलेलं पण तितकंच वजनदार होतं. १८९० मध्ये, म्हणजे कायद्याला विरोध करतानाच, टिळकांनी सुधारकांपुढे उलट प्रस्ताव ठेवला होता की कायदा नको, आपण स्वतःवर बंधन घालून घेऊ, मुलीचं लग्न सोळाच्या आधी नाही, मुलाचं विसाच्या आधी नाही, हुंडा नाही, विधवेचं केशवपन नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शेतकऱ्यांना सांगत फिरणं की शेतसाऱ्यात सूट हा तुमचा सरकारी नियमातला हक्क आहे, मागा. १९०८ ला राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, आणि त्यांच्यातले बहुतेक कोकणातले नि घाटावरचे कुणबी-मराठे, कोणी पेठेतले शास्त्री नव्हते. त्या संपाची दखल लेनिननेही घेतली. काँग्रेस आणि मुस्लिम लीगमधल्या १९१६ च्या लखनौ करारात मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना पाठिंबा, जो हिंदुत्ववादी म्हणून टिळकांना आपल्या खात्यात जमा करणाऱ्यांना अजून अवघड जातो. १९१८ ला मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषदेत ते जाहीर बोलले की देवाला अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही. आणि १९२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी काढलेल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीच्या जाहीरनाम्यात जातीवर आधारलेली बंधनं दूर करण्याचं कलम आहे.

यावर सरच म्हणाले (दादांनी नाही), की १९१८ च्या त्याच परिषदेतल्या, स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर टिळकांनी सही केली नव्हती तेही लिहून ठेवा. अट बरोबर काम करत होती म्हणायची.

समोर असलेले पर्याय

फाईल झाल्यावर पर्याय नीट मांडले. खरं सांगायचं तर यातले एक-दोन आम्ही पाच मिनिटांत निकालात काढले आणि एकावर कितीतरी वेळ घालवला.

नुसतं "लोकमान्य" लिहून सोडून द्यायचं, हा नानांचा पर्याय. ही पदवी लोकांनी दिलेली आहे हे खरं, पण ती लोकप्रियता सांगते, विचार सांगत नाही. बाद.

"असंतोषाचे जनक" बद्दल मॅडमनी एक मुद्दा काढला. हे बिरुद व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये दिलेलं, आणि कौतुक म्हणून नाही, दोषारोप म्हणून. टिळकांनी त्याच्यावर लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ ला तो हरले, खर्चाने पार खचले. ज्या लिखाणाविरुद्ध माणूस कोर्टात गेला त्यातलंच बिरुद आपण मानाने छातीवर लावतो. तेल्यातांबोळ्यांचे पुढारी हेही मुळात विरोधकांनी हिणवायला म्हटलेलं. म्हणजे सरांच्या पहिल्या ड्राफ्टमधली तीनपैकी दोन विशेषणं शत्रूकडून आलेली आणि ती आम्हाला कौतुकाची वाटत होती! यातून एक उपयोगी गोष्ट कळली, की विशेषण कोणी, कधी आणि कशासाठी दिलं हे लिहिल्याशिवाय ते वापरायचं नाही.

"प्रतिगामी" वर मॅडमचा आक्षेप असा की हा निकाल आहे, माहिती नाही. कोणत्या प्रश्नावर प्रतिगामी? दुष्काळात? गिरणी संपात? वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याचा राग कळतो. दादांना हे पटलं नाही लगेच. ते म्हणाले बारा वर्षांच्या पोरीच्या प्रश्नावर जो कायदा अडवतो त्याला दुसरं काय म्हणायचं. याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

"सनातनी" हा शब्द त्या काळातला असल्यामुळे बरा वाटला पण त्यात पण घोळ. १८९० च्या पंचहौद मिशनच्या चहा प्रकरणात, म्हणजे पुण्यातल्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याच्या वादात, खुद्द टिळकच ग्रामण्यात (जातीच्या बहिष्कारात) अडकले होते. पुण्यातल्या कर्मठ मंडळींना ते पुरेसे कर्मठ वाटतच नव्हते. जे खरे सनातनी होते ते यांना आपल्यातला मानायला तयार नाहीत, मग आपण कोण चिकटवणारे.

कुठलंच विशेषण नको, फक्त काय केलं ते लिहा, हा माझा पर्याय होता. सुटसुटीत वाटतो. दादांनी तो एका वाक्यात उडवला, "मग फुल्यांना सत्यशोधक आणि आगरकरांना बुद्धिवादी कशाला म्हणताय, त्यांचीही नुसती कामं लिहा." बारातल्या एकाच माणसाची विचारसरणी सांगायची नाही म्हणजे त्याला सूट दिल्यासारखंच होतं.

ज्या पर्यायावर वेळ गेला तो म्हणजे "राजकारणात जहाल, समाजकारणात सनातनी". सगळ्यांना पहिल्यांदा हाच आवडला. अर्धं यांचं अर्धं त्यांचं, पाठ्यपुस्तकातून आपल्याला हेच तोंडपाठ असतं, सरांनी तर टायपायला सांगितलं पण होतं.

पण मॅडमनी विचारलं की राजकारण आणि समाजकारण हे दोन कप्पे आहेत असं कोण म्हणत होतं? टिळकच म्हणत होते! आधी स्वराज्य मग सुधारणा, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालायचा नाही, हीच तर त्यांची बाजू. आगरकर त्याच्याशी भांडून केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ ला सुधारक काढला. फुल्यांना हे कप्पे कधीच मान्य नव्हते. वेदोक्तात शाहू महाराजांना कळलं की धर्माचा प्रश्न म्हणून जे सांगतात ते सरळ सत्तेचं राजकारण आहे. तर जो वाद त्या पिढीत पेटला होता त्या वादात आपण फलकावर न सांगता टिळकांची बाजू घेतोय, आणि वर समजतोय की किती निःपक्षपाती लिहिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच होता. मधोमध उभं राहिलं म्हणजे न्याय झाला असं नाही, मध्य कुठे धरायचा हे कोणीतरी आधीच ठरवून गेलेलं असतं.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय पुरावा कशाला म्हणायचं याचा. दादांकडे एक जोरदार गोष्ट होती, १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केलं तेव्हा पैसे देऊनही केसरीने जाहिरात घेतली नाही असं सांगितलं जातं. सरांकडे उलट बाजूची तितकीच जोरदार, टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत जातिभेदाविरुद्धच्या समाज समता संघाच्या कामात बाबासाहेबांबरोबर होते आणि १९२८ ला गायकवाड वाड्यात, टिळकांच्या घरातच, सगळ्या जातींचं सहभोजन झालं. दोन्ही गोष्टी ऐकायला भारी, फलकावर टाकल्या असत्या तर लोक थांबून वाचणार. पण मॅडम म्हणाल्या की मूकनायकच्या वेळी टिळक हयात होते तरी केसरीचं रोजचं संपादन त्यांच्या हातात नव्हतं, आणि मुलाने बापाच्या मागे काय केलं हा बापाचा विचार कसा. केसरीतले अग्रलेख बिनसहीचे असायचे ही आणखी एक भानगड, जिथे लेख टिळकांचाच हे नक्की आहे तेवढेच धरायचे. मग ठरलं, माणसाने स्वतः जाहीरपणे बोललेलं, लिहिलेलं, केलेलं तेवढंच त्याच्या खात्यावर. वर्तमानपत्राचं, अनुयायांचं, घरच्यांचं नाही. एक गोष्ट यांची गेली, एक त्यांची गेली. दादांना वाईट वाटलं ते दिसत होतं, सरांना त्याहून जास्त.

दुसरा निर्णय "काळच तसा होता" या वाक्याचं काय करायचं. नाना फोनवर हेच सांगत होते की १८९१ च्या माणसाला आजची फुटपट्टी लावू नका. बरोबरच आहे, पण इथे आजची फुटपट्टी लागतच नव्हती. संमतिवयाच्या बाजूने बोलणारे रानडे, भांडारकर, आगरकर त्याच पुण्यात राहत होते, बालविवाहाविरुद्धचं मलबारींचं टिपण १८८४ चं, स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दलचं ताराबाईंचं लिखाण १८८२ चं. फुले १८९० च्या नोव्हेंबरमध्ये गेले, म्हणजे त्या वादाच्या ऐन तोंडावर. त्याच काळातली माणसं त्याच काळात विरोध करत होती, मग काळाच्या डोक्यावर सगळं कसं फोडणार? ठरलं ते असं की टीका लिहायची पण आमची नाही, त्यांच्या समकालीनांची, नावानिशी. नानांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा थोडे थांबले. "शाहू महाराजांनी टीका केली असं लिहिणार असाल तर मी नाही कसं म्हणू," म्हणाले. आमच्या भागात महाराजांच्या नावाला नाही म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

तिसरा निर्णय सगळ्यात महागात पडला. दादांनीच सुचवलं, हे विशेष, की जो नियम टिळकांना तोच बाकी अकरा जणांना लावून बघू. आणि तिथे बाकीचे फलक डगमगायला लागले. रानड्यांच्या खाली आम्ही "समाजसुधारणेचे अध्वर्यू" लिहिलं होतं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ ला वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं, आणि पंचहौद प्रकरणात प्रायश्चित्तही घेतलं. टिळकांच्या फलकावर त्यांची विसंगती लिहायची आणि रानड्यांच्या फलकावर गिळायची, हे कसं चालेल? शाहू महाराजांचा फलक घेतला तर १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा ठळक, पण पहिल्या महायुद्धात इंग्रजांना सैन्यभरतीत केलेली मदत कुठेच नाही. आता दादा गप्प झाले. संस्थानिक होते, दुसरं काय करणार होते बिचारे, असं ते म्हणाले, मग स्वतःच हसले, कारण "काळच तसा होता" हे वाक्य दुसऱ्या दाराने आत आलं होतं.

या टप्प्यावर प्रकरण मिटलं असं नाही म्हणता येणार, पण भांडणाचा आवाज खाली आला. कारण प्रत्येकाच्या लाडक्या माणसाचा फलक आता पणाला लागला होता.

शेवटी काय छापलं

ओळखीच्या दोन ओळींचे कितीतरी खर्डे झाले. "पण" हा शब्द काढून टाकायचा हे ठरलं ते फार उशिरा, तेही ग्रंथपाल ताईंनी सहज सुचवलं म्हणून. "जहाल राष्ट्रवादी पण..." असं वाचलं की पुढचं सगळं पहिल्याला खोडून काढतं. पूर्णविराम द्या म्हणाल्या, वेगळी वाक्यं करा. छापलेला मजकूर हा:

"स्वराज्याच्या मागणीला सामान्य माणसाचं बळ मिळवून देणारे जहाल राष्ट्रीय नेते. सामाजिक सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने नको, ही त्यांची भूमिका. संमतिवय (१८९१) आणि वेदोक्त (१९०१) या प्रश्नांवर ते परंपरेच्या बाजूने उभे राहिले."

खालच्या मजकुरात मग दुष्काळ, १८९७ आणि १९०८ चे खटले, मंडाले, गिरणी संप, होमरूल लीग, लखनौ करार, १८९० चा स्वयंबंधनाचा प्रस्ताव, १९१७ चं अथणी, १९१८ चं मुंबईचं भाषण आणि न केलेली सही. शेवटी एक ओळ, की त्यांच्या सामाजिक भूमिकेवर आगरकर, शाहू महाराज आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी त्याच काळात टीका केली. एक गोष्ट सरांच्या हट्टाने मजकुरात आली आणि ती यायलाच हवी होती. १८८२ ला कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यावरच्या टीकेबद्दलच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले त्या खटल्यात त्यांचा जामीन सत्यशोधक समाजातल्या रामशेठ उरवणे यांनी भरला होता. हे वाचून दादांनी दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की, म्हटल्यावर म्हणाले हे फुल्यांच्या फलकावर पण टाका.

परिणाम

नानांनी देणगी परत मागितली नाही. मात्र त्यांचं नाव टिळकांच्या फलकाखाली नको, कर्व्यांच्या फलकाखाली घाला असं सांगितलं आणि तसं केलं. दादांना "परंपरेच्या बाजूने उभे राहिले" हे अजूनही मवाळ वाटतं. ते म्हणतात की दहा वर्षांच्या मुलीच्या बाजूने लिहिलं असतं तर हे वाक्य असं आलं नसतं, आणि मला त्यात तथ्य वाटतं. सरांना उलट वाटतं, की ठळक टायपातल्या दोनपैकी एक ओळ टीकेची म्हणजे प्रमाण बिघडलं, माणसाने आयुष्यातली सातहून जास्त वर्षं इंग्रजांच्या तुरुंगात काढली ते खाली बारीक अक्षरात गेलं. त्यातही तथ्य आहे.

फलक लागल्यावर शाळांच्या सहली आल्या. मुलं बाकीच्या फलकांसमोर फोटो काढून पुढे जातात, टिळकांच्या समोर मास्तरांना प्रश्न विचारतात, वेदोक्त म्हणजे काय, संमतिवय म्हणजे काय. एका मास्तरांनी वैतागून तक्रारवहीत लिहिलं की लहान मुलांसाठी असे विषय योग्य नाहीत, फलक सोपा करावा. एक आजोबा रोज येऊन त्यावर हळू आवाजात काहीतरी बोलून जातात, काय ते कोणी विचारलं नाही. कोणी फलक फाडला नाही, मोर्चा नाही, पेपरात बातमी नाही. सुरुवातीला जी भीती होती त्या मानाने हे म्हणजे काहीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

साचा आधी ठरवला, ओळखी नंतर लिहिल्या, हा क्रम उलटा पाहिजे होता. दोन ओळींची ठळक ओळख हवीच का हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता. फुले, कर्वे, भाऊराव यांच्यासारख्या एका कामाला वाहून घेतलेल्यांना दोन ओळी पुरतात, चाळीस वर्षांत चार वेळा भूमिका सरकलेल्या माणसाला त्यापेक्षा सालवार पट्टी बरी. बारा जणांना एकच साचा म्हणजे समान वागणूक असं आम्ही धरून चाललो होतो.

समोरच्या बाजूचा पुरावा आणायची अट पहिल्याच मीटिंगला लागायला हवी. ती आली तेव्हा प्रतिगामी आणि आरोपपत्र हे शब्द बोलून झाले होते आणि बोललेला शब्द मागे घेणं आपल्याकडे कोणाला जमतं.

नानांना ड्राफ्ट "दाखवायचा" हे जे न बोलता ठरलं होतं ते बोलून ठरवायला पाहिजे होतं, म्हणजे दाखवायचा तो माहितीसाठी की मंजुरीसाठी. ते स्पष्ट नसल्यामुळे त्यांचा एक फोन आला की सगळी समिती दोन दिवस मजकूर सोडून देणगीवर बोलायची. नाना वाईट नाहीत, त्यांना विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

उपसमितीत बाई एकच होत्या आणि वाद निम्म्याहून जास्त मुलींच्या लग्नाच्या वयाबद्दल आणि शिक्षणाबद्दल होता. ग्रंथपाल ताई पूर्ण वेळ त्याच हॉलमध्ये होत्या, चहा सांगत होत्या, त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, आणि ज्या सूचनेने ओळ सुटली ती त्यांची. पुढच्या उपसमितीत त्यांचं नाव रीतसर घातलंय.

आणि सगळ्यांना एकच नियम लावायची कसोटी छपाईच्या आधी लावायची असते. आम्ही लावली तेव्हा पाच फलक फ्लेक्सवाल्याकडून छापून आले होते, त्यात रानडेही. शाहू महाराजांचा अजून छापायचा होता म्हणून त्यात महायुद्धाची ओळ घालता आली. रानड्यांचा मात्र अजून जुन्याच मजकुराचा लटकतोय, समोरासमोर, टिळकांच्या बरोबर पलीकडच्या भिंतीवर. नवा मजकूर टाईप होऊन पडलाय, दादा दर मीटिंगला विषय काढतात, सर म्हणतात पुढच्या बजेटमध्ये बघू. फ्लेक्सवाल्याने नवीन कोटेशन दिलंय, ते कार्यकारिणीपुढे आहे.